बंदर-व्यवहार आणि बंदर-अभियांत्रिकीतील प्रचलित संज्ञा : अर्थ, मोजमाप आणि मराठी वापर

प्रस्तावना :

पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेस वसलेले आहे. तेथे ना खाडी आहे ना धक्का. असे असूनही भारतातील अनेक बंदरांच्या आराखड्यांची परीक्षा याच शहराच्या परिसरात झाली आहे. खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राची सुरुवात १९१६ साली तत्कालीन मुंबई प्रांताच्या सिंचनविषयक अभ्यासासाठी झाली. पुढे ही संस्था केंद्र सरकारकडे आली. नद्या आणि धरणांबरोबरच समुद्रकिनारा, खाड्या व बंदरे हेही तिच्या अभ्यासाचे विषय झाले. डहाणू तालुक्यातील नियोजित वाढवण बंदरासाठी आवश्यक असलेले जलशास्त्रीय अभ्यासही याच संस्थेकडे सोपविण्यात आले.

बंदरांविषयीचा विचार असा समुद्रापासून दूर, प्रयोगशाळेत व कार्यालयात होत असला, तरी त्याचे परिणाम किनाऱ्यावर भोगावे लागतात. या दोन ठिकाणांना जोडणारा दुवा म्हणजे भाषा होय. अहवालातील 'खोली', 'धक्का', 'टन', 'भराव' हे शब्द मराठी वाचकाला ओळखीचे वाटतात. परंतु अभियंत्याला अभिप्रेत असलेला अर्थ आणि वाचकाने घेतलेला अर्थ अनेकदा भिन्न असतो. भूगोल, वाणिज्य, अर्थशास्त्र, पर्यावरणशास्त्र आणि मराठी या विषयांच्या अध्यापनात बंदरांचा उल्लेख वारंवार येतो. त्यामुळे या संज्ञांचे नेमके अर्थ स्पष्ट होणे अगत्याचे आहे.

उद्दिष्टे :

१. बंदर-व्यवहार व बंदर-अभियांत्रिकीतील नित्य वापराच्या संज्ञांचा अर्थ महाराष्ट्रातील उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करणे.
२. एकाच मराठी शब्दात एकवटलेल्या भिन्न तांत्रिक संकल्पना वेगळ्या करून दाखविणे.
३. कोणते शब्द मराठीत रूढ ठेवावेत व कोणते परभाषेतून जसेच्या तसे घ्यावेत, याचा विचार करणे.

१. बंदर, नौकाश्रय आणि गोदी :

'बंदर' हा शब्द फारसीतून मराठीत आला व पूर्णपणे रुळला. मात्र मराठीत या एका शब्दाने दोन गोष्टींचा बोध होतो. पहिली गोष्ट म्हणजे वारा व लाटांपासून जहाजांना आसरा देणारे पाण्याचे क्षेत्र; यास हार्बर किंवा नौकाश्रय म्हणतात. दुसरी म्हणजे मालाची व प्रवाशांची चढउतार, जकात, साठवण व वाहतूक यांची व्यवस्था असलेले ठिकाण. यास पोर्ट म्हणतात. नौकाश्रय निसर्गनिर्मित असू शकते, पोर्ट मात्र मनुष्यालाच उभारावे लागते. कोकणातील अनेक खाड्या उत्तम नौकाश्रये आहेत, पण तेथे मालवाहतुकीची व्यवस्था नाही. याउलट वाढवण येथे किनारा उघडा असल्याने नौकाश्रय कृत्रिमरीत्या निर्माण करावे लागणार आहे.

मुंबईचे वैशिष्ट्य असे की, तेथे बेटांच्या आणि मुख्य भूमीच्या मधोमध विस्तीर्ण नैसर्गिक नौकाश्रय लाभले. १८७३ साली मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना झाल्यानंतर तेथे पद्धतशीर 'गोद्या' बांधल्या गेल्या. गोदी म्हणजे किनाऱ्यात खोदून किंवा बांधून तयार केलेले, भिंतींनी बंदिस्त असे पाण्याचे कुंड. तिचे दोन प्रकार आहेत. ओल्या गोदीत जहाज पाण्यावर तरंगत असताना माल चढविला-उतरविला जातो. सुक्या गोदीत जहाज आत घेऊन पाणी काढून टाकतात व तळाची दुरुस्ती करतात. ससून डॉक (१८७५), प्रिन्सेस डॉक (१८८०), व्हिक्टोरिया डॉक (१८८८) आणि अलेक्झांड्रा डॉक (१९१४) या मुंबईच्या ओल्या गोद्या. अलेक्झांड्रा डॉकचे नाव पुढे इंदिरा डॉक असे झाले. इंदिरा डॉकच्या प्रवेशमार्गावर जलपाश, म्हणजे दोन टोकांना दरवाजे असलेला मार्ग आहे. बाहेर ओहोटी असली तरी दरवाजांमुळे आतील पाणी उतरत नाही. जेथे भरती-ओहोटीतील फरक मोठा असतो, तेथेच असा खर्चिक उपाय करावा लागतो.

२. भरती, ओहोटी आणि खोलीचे शून्य :

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास चंद्र-सूर्याच्या आकर्षणाचा एकत्रित परिणाम होऊन पाणी अधिक चढते व अधिक उतरते. यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास हा फरक सर्वांत कमी होतो. ती भांगाची भरती होय. तिथीला पाऊणपट केले असता पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, हा कोकणातील दर्यावर्दी लोकांचा ठोकताळा आहे. चतुर्थीस सुमारे तीन वाजता, अष्टमीस सुमारे सहा वाजता भरती पूर्ण होते. दररोज भरती सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते, हेच शास्त्रीय तथ्य या ठोकताळ्यात सामावलेले आहे.

यानंतरची संज्ञा सर्वांत महत्त्वाची व सर्वांत दुर्लक्षित आहे. ती म्हणजे चार्ट डेटम, अर्थात सागरी नकाशातील शून्य-पातळी. जमिनीवरील उंची सरासरी समुद्रपातळीपासून मोजतात. पुण्याची ५६० मीटर उंची याच शून्यापासूनची आहे. सागरी नकाशात मात्र शून्य अशा पातळीस धरतात की ज्याखाली पाणी सहसा जात नाही. यामागील हेतू सुरक्षिततेचा आहे. नकाशावर ८ मीटर खोली लिहिली असेल, तर नेहमीच्या ओहोटीतही तेवढे पाणी मिळेल असा नाविकाला भरवसा वाटला पाहिजे.

मुंबईत सरासरी समुद्रपातळी सागरी नकाशातील शून्यापेक्षा सुमारे २.५१ मीटर वर आहे. त्याच शून्यापासून मोजल्यास उधाणाच्या भरतीची सरासरी पातळी सुमारे ४.४२ मीटर व ओहोटीची ०.७६ मीटर येते. भांगाच्या वेळी या पातळ्या अनुक्रमे सुमारे ३.३० व १.८६ मीटर असतात.

या दोन शून्यांमधील अडीच मीटरांचा फरक कागदावर लहान दिसतो, पण व्यवहारात निर्णायक ठरतो. समजा, एखाद्या प्रकल्पाच्या अहवालात संरक्षक भिंतीचा माथा '+६ मीटर' असा दिला आहे. सामान्य वाचक भिंत समुद्रापेक्षा ६ मीटर उंच असेल असे समजेल. ही उंची सागरी नकाशातील शून्यापासून मोजलेली असल्यास, उधाणाच्या सरासरी भरतीत भिंतीचा माथा पाण्याच्या वर जेमतेम दीड मीटर राहील. पावसाळी लाटांचा विचार करता हे अंतर अल्प आहे. म्हणून उंची किंवा खोलीचा कोणताही आकडा वाचताना 'कोणत्या शून्यापासून?' हा पहिला प्रश्न असावयास हवा.

३. ड्राफ्ट, तळाखालचे अंतर आणि प्रवेशकाळ :

जहाजाचा पाण्याखाली बुडालेला भाग जितका खोल जातो, त्या मापास ड्राफ्ट म्हणतात. वृत्तपत्रांतून 'चौदा मीटर खोलीचे बंदर' आणि 'चौदा मीटर ड्राफ्टचे जहाज' यांत पुष्कळदा गल्लत होते. खोली हा बंदराचा गुण आहे, ड्राफ्ट जहाजाचा. माल भरल्यावर ड्राफ्ट वाढतो, उतरविल्यावर घटतो. जहाजाचा तळ आणि समुद्रतळ यांमध्ये राखावयाच्या सुरक्षित अंतरास तळाखालचे अंतर म्हणतात. जहाज वेगाने जाताना थोडे अधिक बुडते, लाटांवर हेलकावते व तळाच्या गाळाची पातळीही बदलत राहते. या सर्वांसाठी हे अंतर राखावे लागते.

या तीन राशींचा संबंध एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. जलमार्गाची खोली सागरी नकाशातील शून्याखाली १३ मीटर आहे, जहाजाचा ड्राफ्ट १४ मीटर आहे आणि तळाखाली १.५ मीटर अंतर हवे आहे, असे मानू. एकूण १५.५ मीटर पाणी आवश्यक असल्याने भरतीकडून २.५ मीटर मिळावयास हवे. मुंबईतील सरासरी पातळी साधारण एवढीच आहे. म्हणजे प्रत्येक भरतीच्या चक्रात सुमारे निम्मा काळ, म्हणजे सहा तासांच्या आसपास, ते जहाज आत येऊ शकेल. या अवधीस टायडल विंडो म्हणतात. मराठीत त्यास 'भरतीचा प्रवेशकाळ' म्हणता येईल.

आता ड्राफ्ट केवळ एक मीटरने वाढवून १५ मीटर धरल्यास भरतीकडून ३.५ मीटरची अपेक्षा करावी लागते. उधाणाच्या दिवसांत पाणी ४.४२ मीटरपर्यंत चढत असल्याने प्रवेशकाळ मिळतो, पण तो आखूड होतो. भांगाच्या दिवसांत पाणी सरासरी ३.३० मीटरच चढते. साहजिकच त्या दिवसांत जहाजाला प्रवेशच मिळत नाही. त्याला बाहेर नांगर टाकून थांबावे लागते किंवा काही माल अन्यत्र उतरवून हलके व्हावे लागते. मोठ्या जहाजाचा थांबण्याचा खर्च अखेर मालाच्या भावात मिसळतो. १९८९ साली कार्यान्वित झालेल्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराचा जलमार्ग प्रथम १४ मीटर व नंतर १५ मीटर ड्राफ्टच्या जहाजांसाठी खोल करण्यात आला, तो भरतीचा आधार गृहीत धरूनच. जलमार्ग आणखी खोदणे आणि भरतीची वाट पाहणे या दोन खर्चांचा तोल साधणे, हाच बंदर-नियोजनातील एक मूलभूत प्रश्न आहे. वाढवणची निवड करतानाही किनाऱ्याजवळ लाभणारी सुमारे २० मीटरची नैसर्गिक खोली हे प्रमुख कारण सांगितले गेले.

४. लाटा अडविणारी बांधकामे :

लाटारोधक बांध, संरक्षक भिंत आणि ग्रॉयन ही तीन बांधकामे दिसण्यात सारखी असली तरी त्यांची कार्ये वेगळी आहेत. लाटारोधक बांध समुद्रात असतो व त्याच्या आडोशाला जहाजांसाठी शांत पाणी निर्माण होते. संरक्षक भिंत किनाऱ्यालगत असते व मागील जमिनीची धूप थांबविते. ग्रॉयन हा किनाऱ्याशी साधारण काटकोनात समुद्रात शिरलेला आखूड बांध असून किनाऱ्यालगत वाहणारी वाळू धरून ठेवणे हे त्याचे काम असते. मुंबईतील मरीन ड्राइव्हवर दिसणारे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे टेट्रापॉड या नावाने ओळखले जातात. १९५० साली फ्रान्समध्ये विकसित झालेले हे ठोकळे एकमेकांत अडकून बसतात व मधल्या पोकळ्यांत लाटेची ऊर्जा जिरते. मरीन ड्राइव्हवर ते किनाऱ्याचे रक्षण करतात. त्यांना तेथे लाटारोधक बांध म्हणणे चुकीचे ठरेल.

लाटेची उंची सांगतानाही सावधगिरी हवी. अभियांत्रिकीत सामान्यतः 'लक्षणीय लाट-उंची' दिलेली असते. ठरावीक काळातील सर्व लाटांपैकी सर्वांत उंच अशा एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी होय. लक्षणीय उंची ३ मीटर असताना एखादी सुटी लाट जवळजवळ ६ मीटरपर्यंतही जाऊ शकते. बांधावरील दगडाचे किंवा ठोकळ्याचे आवश्यक वजन लाटेच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. लाट दुप्पट झाली की वजन आठपट लागते. लाटारोधक बांधाचा खर्च खोल पाण्यात झपाट्याने का वाढतो, याचे एक कारण येथे मिळते. वाढवण येथे सुमारे १०.१४ किलोमीटर लांबीचा बांध नियोजित आहे, यावरून त्या कामाच्या व्याप्तीची कल्पना येईल.

५. धक्का : एक शब्द, अनेक रचना :

एकोणिसाव्या शतकात लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी मुंबईत बांधलेला 'भाऊचा धक्का' मराठी माणसाला परिचित आहे. जहाज किंवा होडी लागते ती जागा, एवढाच 'धक्का' या शब्दाचा लोकव्यवहारातील अर्थ आहे. अभियांत्रिकीत मात्र किमान तीन संकल्पना वेगळ्या मानतात. किनाऱ्याला समांतर असलेली बांधणी म्हणजे वार्फ. किनाऱ्यापासून समुद्रात पुढे गेलेली बांधणी म्हणजे पिअर. भारतात तिलाच बहुधा जेट्टी म्हणतात. आणि एका जहाजाला नेमून दिलेली जागा म्हणजे बर्थ. बर्थ ही बांधणी नसून जागा आहे. एक हजार मीटर लांबीच्या एकाच वार्फवर जहाजांच्या लांबीनुसार तीन किंवा चार बर्थ असू शकतात. त्यामुळे 'बंदरात किती धक्के आहेत?' या प्रश्नाचे उत्तर कशाची मोजणी केली यावर अवलंबून असते.

रचनेचा दुसरा भेद अधिक परिणामकारक आहे. धक्का भरीव असू शकतो किंवा खांबांवर उभा असू शकतो. खांबांवरील धक्क्याखालून पाणी व गाळ बऱ्याच अंशी वाहत राहतो. भरीव धक्का प्रवाह अडवितो, वळवितो आणि आडोशाला गाळ साचवितो. खाडीच्या तोंडाशी भरीव बांधकाम झाल्यास लहान होड्यांच्या वाटेवर त्याचा परिणाम होऊ शकतो. अहवालात केवळ 'जेट्टी' असे लिहिल्याने हा भेद कळत नाही. धक्क्यावरील लहान भागांनाही स्वतंत्र नावे आहेत. जहाजाचे दोर बांधण्याचा लोखंडी खुंट म्हणजे बोलार्ड. जहाजाचा आघात सोसणारी रबरी गादी म्हणजे फेंडर.

६. गाळ, वाळू आणि भराव :

ड्रेजिंग म्हणजे समुद्रतळ खोदून खोली वाढविणे किंवा टिकविणे. त्याचे दोन प्रकार असून दोहोंचा आर्थिक अर्थ निराळा आहे. प्रथमच नवी खोली मिळविण्यासाठी केलेले ते भांडवली ड्रेजिंग. मिळविलेली खोली टिकविण्यासाठी वारंवार केलेले ते देखभाल ड्रेजिंग. पहिला खर्च प्रकल्पाच्या आरंभीच्या हिशेबात दिसतो, दुसरा बंदर चालू असेपर्यंत संपत नाही. निसर्गाने राखलेल्या खोलीपेक्षा अधिक खोल खणल्यास प्रवाह तेथे मंदावतो व गाळ बसू लागतो. बाहेर काढलेला गाळ कोठे टाकावयाचा, हा प्रश्नही तेवढाच महत्त्वाचा असतो. जागा चुकल्यास तोच गाळ प्रवाहाबरोबर परत येतो किंवा मासेमारीच्या क्षेत्रात पसरतो.

तिरप्या लाटांमुळे वाळू किनाऱ्याला समांतर सरकत राहते. तिच्या वाटेत बांध आल्यास एका बाजूला वाळू साचते व दुसऱ्या बाजूची धूप होते. चेन्नई हे याचे सुपरिचित उदाहरण होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील बंदराची बांधकामे झाल्यावर दक्षिणेस वाळू साचून मरीना किनारा रुंदावला आणि उत्तरेकडील किनारा मागे हटत गेला. कोकणचा किनारा खडकाळ भूशिरे व खाड्यांनी तुटलेला असल्याने येथे वाळूचे वहन इतके सलग नसते. मुंबई परिसरात बारीक चिखल हीच मुख्य समस्या आहे. एका किनाऱ्याचा निष्कर्ष दुसऱ्यावर तसाच लादता येत नाही.

'भराव' या शब्दाविषयी एवढेच नोंदविणे पुरेसे आहे की, समुद्रात भर घालून केलेली जमीन हा बंदराचा आनुषंगिक भाग राहिलेला नाही. कंटेनर साठविण्यासाठी विस्तीर्ण सपाट जागा लागते. वाढवण येथे सुमारे १,४४८ हेक्टर समुद्रक्षेत्रात भराव नियोजित आहे. साडेचौदा चौरस किलोमीटरांच्या या क्षेत्राला 'धक्क्यामागची जागा' म्हणणे वास्तवाला धरून होणार नाही.

७. प्रतिकृतीची परिभाषा :

प्रस्तावित बांधकामाचे परिणाम आधी जाणून घेण्यासाठी खडकवासल्यासारख्या ठिकाणी जलप्रतिकृती तयार करतात. प्रतिकृती म्हणजे प्रदर्शनातील शोभेची वस्तू नव्हे. तिचे प्रमाण भौतिक नियमांनी बांधलेले असते. लाटांच्या अभ्यासात लांबी व उंची दोन्हींचे प्रमाण सारखे ठेवतात. प्रमाण १:१०० असल्यास काळ त्याच्या वर्गमूळाने, म्हणजे दहापट, आक्रसतो. समुद्रातील दहा सेकंदांची लाट प्रतिकृतीत एका सेकंदाची होते. वजन दहा लाखपट कमी होते. दहा टनांच्या ठोकळ्याचे काम दहा ग्रॅमचा ठोकळा करतो.

भरतीच्या अभ्यासात हे प्रमाण चालत नाही. वीस किलोमीटर लांबीची खाडी १:४०० प्रमाणात पन्नास मीटरांत बसते, पण चार मीटरची भरती अवघी एक सेंटिमीटर होते. म्हणून उभे प्रमाण वेगळे, उदाहरणार्थ १:१००, ठेवतात. यास विषम प्रमाणाची प्रतिकृती म्हणतात. या उदाहरणात काळ चाळीसपट आक्रसतो व भरती-ओहोटीचे संपूर्ण चक्र सुमारे १९ मिनिटांत पूर्ण होते. चिखलाचे कण मात्र त्याच प्रमाणात लहान करता येत नाहीत. त्यामुळे गाळाविषयीच्या अनुमानांसाठी संगणकीय गणिती प्रतिकृती व प्रत्यक्ष समुद्रातील मोजमापे यांचा आधार घ्यावा लागतो. 'प्रतिकृतीवरून सिद्ध झाले' या विधानाचे मूल्य ठरविताना कोणती प्रतिकृती, कोणते प्रमाण आणि कोणती मोजमापे, हे विचारणे म्हणूनच योग्य ठरते.

८. टन, टीईयू आणि काळाचा हिशेब :

बंदर-व्यवहारात 'टन' हा शब्द वेगवेगळ्या अर्थांनी येतो. डेडवेट टनेज म्हणजे जहाज वाहू शकेल ते एकूण वजन. त्यात मालाबरोबर इंधन, पाणी व सामग्रीही धरतात. ग्रॉस टनेज हे मुळी वजनच नाही. जहाजाच्या बंदिस्त आकारमानावरून ठरविलेला तो एक निर्देशांक आहे. बंदराची वार्षिक उलाढाल मात्र मालाच्या प्रत्यक्ष वजनात सांगतात. कंटेनरसाठी टीईयू हे एकक वापरतात. वीस फूट लांबीचा एक कंटेनर म्हणजे एक टीईयू. चाळीस फुटी कंटेनर दोन टीईयू मोजला जातो. येथेही वजनाचा संबंध नसून रिकामा कंटेनरही तेवढाच मोजला जातो. वाढवणची नियोजित वार्षिक क्षमता २९.८ कोटी टन व सुमारे २.३२ कोटी टीईयू अशी सांगितली जाते. दुसरा आकडा पहिल्यात समाविष्ट आहे; दोहोंची बेरीज करावयाची नसते.

काळाच्या संज्ञांतही असाच भेद आहे. जहाज बंदरात आल्यापासून निघेपर्यंतचा काळ म्हणजे टर्नअराउंड टाइम; त्यात बर्थ मिळेपर्यंतची प्रतीक्षाही येते. फक्त बर्थवरील काळ पाहिल्यास कामगिरी प्रत्यक्षाहून चांगली दिसते. कंटेनर बंदराच्या आवारात जितका काळ पडून राहतो तो ड्वेल टाइम. डेमरेज या शब्दाचे दोन अर्थ आहेत. जहाज भाड्याने घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीपेक्षा अधिक काळ जहाज अडवून ठेवल्यास जहाजमालकाला द्यावयाची भरपाई हा एक अर्थ. भारतीय बंदरांत सवलतीच्या दिवसांनंतर माल पडून राहिल्यास आकारले जाणारे शुल्क हा दुसरा. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे दोन्ही अर्थ सांगणे आवश्यक आहे. बंदरात जहाज आत आणताना स्थानिक जलमार्गाचा जाणकार असा पायलट मार्गदर्शन करतो. परंतु जहाजाची अंतिम जबाबदारी कप्तानाकडेच राहते.

बंदर ज्या भूभागाचा माल हाताळते त्यास पृष्ठप्रदेश म्हणतात. पुणे, चाकण व पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक पट्टा जवाहरलाल नेहरू बंदराच्या पृष्ठप्रदेशात येतो. चिंचवडसारख्या ठिकाणी असलेल्या अंतर्देशीय कंटेनर आगारात जकातीचे सोपस्कार पार पडू शकतात. अशा आगारास कोरडे बंदर असेही म्हणतात. या अर्थाने समुद्र नसलेले पुणेही बंदर-व्यवस्थेचा एक भाग आहे.

९. कायद्यातील संज्ञा :

'मोठे बंदर' व 'लहान बंदर' हा भेद आकाराचा नसून अधिकाराचा आहे. केंद्र सरकारच्या अखत्यारीतील बंदर ते मोठे. राज्याच्या अखत्यारीतील ते लहान. गुजरातमधील मुंद्रा बंदराची उलाढाल देशात अग्रगण्य असूनही ते या अर्थाने 'मोठे' नाही. महाराष्ट्रात मुंबई व जवाहरलाल नेहरू ही मोठी बंदरे असून, लहान बंदरांचा कारभार १९९६ साली स्थापन झालेले महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते. २०२१ च्या कायद्यानंतर मोठ्या बंदरांची 'ट्रस्ट' ही रचना जाऊन 'प्राधिकरण' आले. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिलेल्या वाढवण प्रकल्पात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा ७४ टक्के व महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के वाटा आहे.

'बंदराची हद्द' ही आणखी एक कायदेशीर संज्ञा. अधिसूचित हद्द बांधकामाच्या क्षेत्रापेक्षा बरीच मोठी असू शकते. हद्दीत जहाजांचा मार्ग, नांगर टाकण्याची जागा व सुरक्षेची क्षेत्रे येतात आणि तेथील मासेमारीवर निर्बंध येऊ शकतात. मच्छीमारांच्या दृष्टीने भरावाच्या क्षेत्राइतकीच ही हद्द महत्त्वाची आहे.

१०. संज्ञांचा मराठी वापर :

मराठीतील सागरी शब्दसंपत्ती मुळातच संमिश्र आहे. 'बंदर' व 'नाखवा' फारसीतून, 'सुकाणू' अरबीतून, 'आरमार' पोर्तुगीजमधून आले. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरीही त्यानंतर लिहिल्या गेलेल्या आज्ञापत्रात 'आरमार' हाच शब्द नांदताना दिसतो. दर्यावर्दी व्यवहाराने जो शब्द स्वीकारला तो टिकला. आधुनिक काळात राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाने स्थापत्य अभियांत्रिकीसह अनेक विषयांचे परिभाषा कोश सिद्ध केले, हे कार्य मोलाचे आहे.

या अनुभवावरून तीन तत्त्वे सुचविता येतील. पहिले, भरती, ओहोटी, उधाण, भांग, खाडी, नांगर, गोदी, पृष्ठप्रदेश यांसारखे अर्थपूर्ण व रूढ शब्द अध्यापनात व अहवालात आवर्जून वापरावेत. दुसरे, ड्राफ्ट, बर्थ, कंटेनर, ड्रेजिंग हे गोदी कामगारांच्या तोंडी रुळलेले शब्द तसेच ठेवावेत. त्यांच्यासाठी दुर्बोध पर्याय घडविल्याने अर्थ सुलभ होत नाही. तिसरे, जेथे एका मराठी शब्दात अनेक संकल्पना येतात, तेथे विशेषण जोडावे. जसे, खांबांवरील धक्का, भरीव धक्का, देखभाल ड्रेजिंग, नकाशा-शून्याखालील खोली.

हा प्रश्न केवळ भाषाशुद्धीचा नाही. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीपूर्वी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करून द्यावा लागतो. वाढवण प्रकल्पाची जनसुनावणी जानेवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात झाली. रोजगार व व्यापारवृद्धीची अपेक्षा एका बाजूला आणि मासेमारी, डायमेकिंग व शेतीवर अवलंबून असलेल्या कुटुंबांची भीती दुसऱ्या बाजूला, असे या प्रकल्पाचे स्वरूप आहे. अशा प्रसंगी सारांशातील 'खोली' कोणत्या शून्यापासूनची, 'बांध' कोणत्या प्रकारचा, गाळ कोठे टाकला जाणार आणि हद्द कोठवर जाणार, हे नागरिकांना त्यांच्या भाषेत उमगले नाही, तर सुनावणीचा हेतूच विफल होतो. समर्थन असो वा विरोध, दोन्हींना अर्थाचा आधार हवा.

निष्कर्ष :

१. बंदरविषयक संज्ञांचा अर्थ शब्दात नसून मोजमापाच्या पद्धतीत असतो. कोणत्या शून्यापासून, कोणत्या एककात आणि कोणत्या कालावधीसाठी, हे सांगितल्याशिवाय आकडा अपुरा राहतो.
२. 'बंदर', 'धक्का', 'टन' व 'मोठे बंदर' या संज्ञांच्या बहुअर्थीपणामुळे होणारे गैरसमज विशेषणांच्या योजनेने टाळता येतात.
३. उधाण, भांग व तिथीचा ठोकताळा यांत साठलेले किनारी लोकांचे ज्ञान आधुनिक बंदराच्या प्रवेशकाळाशी थेट जोडलेले आहे. भूगोलाच्या अध्यापनात या दुव्याचा उपयोग करणे इष्ट होय.
४. पुण्यातील महाविद्यालयांना खडकवासल्याची संस्था व चिंचवडचे कंटेनर आगार ही दोन्ही ठिकाणे जवळ आहेत. अभ्यासभेटीपूर्वी विद्यार्थ्यांना उपरोक्त संज्ञांचा परिचय करून दिल्यास भेट अधिक फलदायी होईल.
५. प्रकल्पांचे मराठी सारांश तयार करताना अभियंत्यांबरोबर भाषातज्ज्ञ व किनाऱ्यावरील व्यावसायिक यांनाही सहभागी करून घ्यावे. मच्छीमाराला समजेल आणि अभियंत्याला मान्य होईल असा शब्द निवडणे, हीच परिभाषेची खरी कसोटी आहे.